‘गृहीत’चं निळं कार्ड

आमच्या शब्दकोशाचे प्रमुख संपादक महर्षी म्हणून ओळखले जातात. ही पदवी आपल्याला जनतेनं दिली असं ते सांगतात. त्यांच्या पहिल्या सत्काराची निमंत्रणपत्रिका छपाईआधी मी तपासली होती. मजकूर त्यांच्याच अक्षरात होता आणि ‘महर्षी’ या शब्दाखाली दोनदा रेघ मारलेली होती. तेव्हापासून जनतेचं अक्षर मला ओळखता येतं.

मी त्या कार्यालयात मुद्रितशोधक. छपाईला जाण्याआधी मजकूर शेवटचा वाचणारा माणूस. काना, मात्रा, ऱ्हस्व, दीर्घ यांच्यापलीकडे मला कोणी काही विचारत नाही. पुस्तकात माझं नाव कुठे नसतं, आणि चूक राहिली तर सगळ्यांच्या तोंडी तेच असतं. सत्तावीस वर्षं झाली. या सत्तावीस वर्षांत महर्षींनी एक नोंद स्वतः लिहिलेली मी पाहिली नाही. अकराला यायचं, कोट खुंटीला लावायचा, खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचायचं, बाराला ‘ताई, झालं का?’ असं दाराकडे बघून ओरडायचं आणि समोर येईल त्या कागदावर सही करायची. शब्दांशी त्यांचं नातं घरजावयाचं होतं. बसून खायचं आणि वर सासऱ्याच्या इस्टेटीचा तोरा मिरवायचा.

नोंदी लिहायच्या बाई. एकोणीस वर्षांपूर्वी त्या कार्डं उतरवून काढायला म्हणून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत लाकडी खणांच्या भिंती आणि मधे एक टेबल. त्या टेबलाच्या एका अंगाला बाई, दुसऱ्या अंगाला मी. शब्दाचे अर्थ शोधायचे, ते लावायचे, शब्द कुठून आला ते खणून काढायचं, सगळं बाईच करायच्या. महर्षी त्यांना ताई म्हणत. पद द्यायचं नसलं की माणसं नातं देतात. कोशाचे चार खंड निघाले. चारही खंडांत महर्षींचा फोटो आहे, आणि शेवटी ‘ज्ञात-अज्ञात सहकाऱ्यांचे आभार’. बाई एकोणीस वर्षं त्या ‘अज्ञात’मध्ये राहिल्या.

त्यांची पद्धत अशी होती. पडताळून पक्की झालेली नोंद पांढऱ्या कार्डावर. आणि लोक जे काही डोक्यातून काढून पाठवायचे, ते निळ्या कार्डावर. निळ्या कार्डाच्या मागे ‘त्याज्य’ असा शिक्का.

“टाकायचंच तर लिहून कशाला ठेवता?” मी एकदा विचारलं.

“चूक काय आहे तेही कुठेतरी नोंदलेलं असावं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “नाहीतर पुढचा माणूस तीच चूक नव्यानं शोधून काढतो आणि तिचा सत्कार करून घेतो.”

निळ्या कार्डांचा मोठा पुरवठा एका निवृत्त भूमापकाकडून व्हायचा. उभं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलेलं, आता शब्द मोजायला घेतलेले. दर सोमवारी त्यांचं पत्र. ‘मुंगी’ हा शब्द ‘मौन’ आणि ‘अंगी’ यांवरून आला, कारण मुंगी बोलत नाही. ‘खुर्ची’ म्हणजे चार खुरांवरची उंची. बाई प्रत्येक पत्राला उत्तर पाठवायच्या: आपली कल्पना रंजक आहे, परंतु पुढील कारणांनी स्वीकारता येत नाही. आणि कारणं खरोखर लिहायच्या.

पाचव्या खंडात ‘ग’ चालू झाला आणि बाई ‘गृहीत’वर येऊन थांबल्या. पंधरा दिवस त्या शब्दातून बाहेरच येईनात.

त्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बाईंचे मिस्टर आले. ते लिफ्टचे मेकॅनिक. आमच्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल त्यांच्याच कंपनीकडे होती, त्यामुळे महिन्यातून एकदा ते आमच्या खोलीत हात पुसत चहाला टेकायचे.

“काय चाललंय तुमच्या पंडिताचं?” त्यांनी मला विचारलं. घरी ते बायकोला पंडित म्हणायचे, आणि त्यात चेष्टा नव्हती.

“गृहीत,” मी म्हटलं. “म्हणजे मानून चालणं.”

“ते शेवटचं,” बाई म्हणाल्या. “आधी ‘ग्रह्’ हा धातू. ग्रह् म्हणजे पकडणं, घेणं. गृहीत म्हणजे पकडलेलं. चोर गृहीत, किल्ला गृहीत. मग हातानं पकडतो तसं डोक्यानं पकडलेलं, म्हणजे समजलेलं. आणि मग, पुरावा हातात नसताना आहे असं धरलेलं. बघा कशी घसरण आहे! आधी हातात खरंच काहीतरी होतं. शेवटी नुसती मूठ राहिली.”

“एवढ्याशा शब्दात?”

“खानदान मोठं आहे त्याचं. आग्रह, संग्रह, निग्रह, सगळी भावंडं. ग्राहक म्हणजे घेणारा. सूर्याला धरलं की ग्रहण. वस्तू धरून ठेवली की गहाण. आपण रोज म्हणतो ते ‘घेणं’सुद्धा तिथलंच.”

“अंदाजापेक्षा वेगळं कसं मग?”

बाईंनी जरा विचार केला. “अंदाज करताना माणूस डोळे उघडे ठेवतो. अटकळीत एक मिटतो. गृहीत धरताना दोन्ही मिटतो, आणि वर दुसऱ्याला म्हणतो, तुला दिसत कसं नाही.”

मिस्टर हसले. “आमच्याकडे त्याला हाड मोडणं म्हणतात. एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या दाराचं कुलूप बिघडलं होतं. एक डॉक्टर रोज सकाळी नऊला निघायचे. रोज लिफ्ट त्यांच्या मजल्यावर उभी असायची. त्या दिवशी दार उघडलं, फोनवर बोलत पाय टाकला. लिफ्ट दोन मजले वर होती. दोन्ही पाय मोडले. मला म्हणतात, रोज तर असते! म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुमचा पेशंट रोज जिवंत असतो म्हणून नाडी बघायचं सोडता का?”

बाईंनी ते वाक्य मागच्या कागदावर टिपून घेतलं. असं त्या कुणाचंही टिपून घ्यायच्या. महर्षींचं टिपून घेतलेलं मात्र मी पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी भूमापकांचं पत्र आलं आणि त्यात मुद्दा चौथा नेमका ‘गृहीत’ होता. गृह म्हणजे घर, हित म्हणजे कल्याण. घराच्या कल्याणासाठी जे न विचारता मानायचं ते गृहहित. दोन ‘ह’ शेजारी आले, एकानं दुसऱ्यासाठी जागा सोडली, उरलं गृहित. बाई वाचून खूष झाल्या. “बघा भाऊ, अर्धं जग ‘हि’ ऱ्हस्व का लिहितं ते कळलं! प्रत्येकाच्या मनात हे ‘हित’ असणार.” त्यांनी निळं कार्ड केलं, मागे शिक्का मारला, त्या भूमापक आजोबांना उत्तर पाठवलं. मूळ शब्दात ‘ही’ दीर्घ आहे, तो धातूतून आलेला आहे, घराचा आणि हिताचा यात काही संबंध नाही. निळं कार्ड खणात गेलं. सहा अर्थांचं पांढरं कार्ड टाइप होऊन तपासायला माझ्याकडे आलं.

त्याच आठवड्यात बाईंच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोठ्या जाऊबाईंनी फोनवर सांगून टाकलं, “तू रजा घे. तुझं काय, कागदांचंच काम. कागद कुठे पळतात?” बाईंनी चार दिवसांची रजा टाकली.

आणि दुसऱ्याच दिवशी महर्षी आमच्या खोलीत आले. हे मी कित्येक वर्षांनी पाहत होतो. ते दारात असे उभे राहिले जसं कुणी चुकून दुसऱ्याच्या न्हाणीघरात शिरावं.

“ताई नाहीत?”

“रजेवर आहेत.”

“अशी कशी रजा! रविवारी माझं व्याख्यान आहे. एकच शब्द घ्या आणि तासभर बोला, असा अध्यक्षांचा आग्रह आहे. मी ‘गृहीत’ सांगून बसलोय. ताई परवा त्याच्याबद्दल काहीतरी बडबडत होत्या. कुठे असतं ते?”

“ग. तिसरा खण.”

त्यांनी खण ओढला. आता इथे मला जरा सावकाश सांगायला हवं. पांढरं कार्ड खणात नव्हतं. ते माझ्या कोपराखाली होतं. हात उचलला असता तर दिसलं असतं. खणात होतं ते एकटं निळं. महर्षींनी ते उचललं, लांब धरून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“वा! निळं कार्ड म्हणजे निवडक दिसतंय. गृह आणि हित. क्या बात है! ताईंना कधीकधी सुचतं हं.”

एकोणीस वर्षं त्यांच्या नावावर चाललेल्या कामात निळ्याचा अर्थ काय, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. कार्ड उलटून बघितलं असतं तरी भागलं असतं. पण उलटून बघणं हे हाताखालच्यांचं काम.

मी बोललो नाही. का नाही बोललो, तेही सांगतो. आधीच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर त्यांनी माझी ओळख ‘हे आमचे काना-मात्रावाले’ अशी करून दिली होती आणि सगळे हसले होते. मला वाटलं, जाऊ दे. रविवारी भर सभेत कुणीतरी जाणता उठेल आणि याचं नाक कापेल. मजा येईल. दाराचं कुलूप बिघडलेलं मला दिसत होतं, आणि मी खुर्ची पुढे ओढून बघत बसलो. खाली कोण पडणार, याचा विचार केला नाही. तो पडेल हे मी धरूनच चाललो होतो.

रविवारी सकाळी सभागृह गच्च. पहिल्या रांगेत आमच्या कोशाच्या समितीचे अध्यक्ष, हे निवृत्त मोठे अधिकारी. निवृत्त झाल्यापासून त्यांना भाषेची काळजी वाटू लागली होती. तिसऱ्या रांगेत बाई आणि मिस्टर. मी कडेच्या खुर्चीवर.

महर्षींनी चष्मा काढला. काही तरी मोठं बोलायचं असलं की ते आधी चष्मा काढायचे.

“गृहित! गृह म्हणजे घर. हित म्हणजे कल्याण. दोन ‘ह’ शेजारी आले आणि एकानं दुसऱ्यासाठी जागा सोडली. घरात असंच असतं ना? कोणीतरी जागा सोडतं, म्हणून घर उभं राहतं!”

टाळ्या.

“आई ताट वाढेल का, असं आपण विचारतो का? नाही. आपण तिला गृहित धरतो. आजकाल म्हणतात, हा अन्याय आहे. मी म्हणतो, हा त्या माउलीचा सर्वोच्च सन्मान आहे! जी घराच्या हिताची, तीच गृहित!”

पुढच्या रांगांतल्या पुरुषांनी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. इतकी स्वस्त निर्दोष सुटका रोज कुठे मिळते? अध्यक्षांनी रुमाल डोळ्यांना लावला. बायकासुद्धा माना डोलावत होत्या, आणि मला त्यांचा सगळ्यात जास्त राग आला. नाक कापणारा कुणी जाणता उठला नाही, कारण सभागृहात जाणतं एकच माणूस होतं आणि ते तिसऱ्या रांगेत दगडासारखं बसलं होतं. बाईंनी मान वळवली. व्यासपीठाकडे नाही, माझ्याकडे. रजेच्या दिवशी त्या खोलीत कोण बसलं होतं, हे त्यांना विचारावं लागत नव्हतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मागून एक उंच, वाकलेले आजोबा उठले. खांद्याला कापडी पिशवी.

“माझी आहे! ही माझी आहे!”

लोकांना वाटलं कुणाची छत्री सापडली. आजोबा गर्दीतून वाट काढत पुढे आले. पिशवीतून त्यांनी पत्राची कार्बन कॉपी काढली आणि वर धरली. “पाच तारखेचं पत्र, मुद्दा चौथा! ‘एकानं दुसऱ्यासाठी जागा सोडली’ हे वाक्यसुद्धा माझंच! साहेब, आठ वर्षं लिहितोय मी तुम्हाला. आज मान्य केलंत. फक्त नाव घ्यायचं तेवढं राहिलं.”

ते रागावले नव्हते, हे लक्षात घ्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या आणि आज पहिल्यांदा स्वतःची वीतभर जागा मिळाली, असा चेहरा.

महर्षी पेचात सापडले. शब्द चोरला म्हणावं तर चोर ठरतात, शब्द चुकीचा म्हणावं तर आत्ताच तासभर त्याचं कीर्तन झालेलं. पण असली माणसं बुडत नाहीत. त्यांना कायम कुणाचं तरी डोकं पायाखाली सापडतं.

“मंडळी,” ते दुखावल्या आवाजात म्हणाले, “हे कार्ड मला आमच्या ताईंनी दिलं. स्वतःचं संशोधन म्हणून. मी डोळे झाकून विश्वास ठेवला. माझी चूक एवढीच की मी माझ्या माणसांवर विश्वास ठेवतो.”

याला पण टाळ्या पडल्या! सगळं सभागृह तिसऱ्या रांगेकडे वळलं. मिस्टर उठायला लागले. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि स्वतः उभ्या राहिल्या.

“मी कार्ड दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी रजेवर होते. ते घेतलं गेलं. ‘गृहीत’चा पहिला अर्थ तोच आहे, घेतलेलं. घर, हित, माउली यांचा त्यात काही संबंध नाही. ‘ही’ दीर्घ आहे. कार्डाच्या मागे ‘त्याज्य’ असा शिक्का आहे. संपादकांनी कृपा करून कार्ड उलटून बघावं.”

महर्षींनी कार्ड खिशात घातलं.

बाई आजोबांकडे वळल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला. “आजोबा, तुमचं पत्र मी वाचलं होतं. उत्तरही पाठवलं होतं, का चूक आहे ते लिहून.”

“आलं होतं,” आजोबा चाचरत म्हणाले. “पण मला वाटलं, हे खालच्या कुणीतरी बाईनं लिहिलंय. वरचे मान्य करतील.”

मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, चहा गार होतोय.” आणि सभा उठली. शब्दाचं काय व्हायचं ते होवो, चहा गार होऊन चालत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली: ‘गृहित म्हणजे घराचे हित, महर्षींचे भावस्पर्शी विवेचन’. वर्तमानपत्रानं ‘हि’ ऱ्हस्व छापला होता.

आठवड्यानं चौकशी झाली. अध्यक्ष, आणखी दोन सदस्य आणि महर्षी स्वतः, म्हणजे आरोपी न्यायाधीशाच्या शेजारच्या खुर्चीवर. बाईंना आधी बोलावलं, मग मला. बाई तिथेच बसल्या होत्या.

“तुम्ही त्या खोलीत बसता,” अध्यक्ष म्हणाले. “कार्ड संपादकांना ताईंनी दिलं की त्यांनी स्वतः काढलं?”

महर्षी माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते, इतकी त्यांना माझी खात्री होती. माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती.

“मी मुद्रितं वाचत होतो,” मी म्हटलं. “लक्ष नव्हतं.”

बाईंनी मान खाली घातली नाही, रडल्या नाहीत, काहीच केलं नाही. टेबलावरचं पेन उचलून पर्समध्ये ठेवलं, एवढंच.

निकाल असा: संपादकांनी सहकाऱ्यावर टाकलेला विश्वास अस्थानी ठरला. ताईंना यापुढे नोंदींचं काम देऊ नये, वाचकांच्या पत्रांना उत्तरं देण्याचं द्यावं. बाईंनी दुसऱ्या दिवशी एका ओळीचा राजीनामा दिला. त्यात एकही चूक नव्हती, मी तपासला.

घरी सांगितल्यावर आमची ही पोळी लाटता लाटता थांबली. “तुम्ही खोटं बोलला नाहीत,” ती म्हणाली. “खोटं बोलायलाही थोडी हिंमत लागते.” मग पोळी तव्यावर टाकली आणि चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

पाचव्या खंडाची मुद्रितं आली. महर्षींनी चिठ्ठी पाठवली होती: ‘गृहित’ ऱ्हस्व करावे, व्युत्पत्ती गृह + हित अशी द्यावी, व्याख्यानाशी सुसंगत. कोशानं व्याख्यानाशी सुसंगत असावं! मी ती चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली आणि बाईंचं पांढरं कार्ड समोर घेतलं. अक्षर न् अक्षर त्याप्रमाणे लावलं. धातू ग्रह्. ‘ही’ दीर्घ. शेवटच्या पानावर महर्षींनी नेहमीप्रमाणे ‘छापावे’ असं लिहून सही केली. वाचलं नाही. वाचणार नाहीत हे मला माहीत होतं.

खंड छापून आला तसा मी एक प्रत घेऊन बाईंच्या घरी गेलो. मनात म्हटलं, चला, परतफेड झाली. एवढा निर्लज्जपणा माझ्यात होता.

दार मिस्टरांनी उघडलं. “या,” म्हणाले, पण ‘भाऊ’ म्हणाले नाहीत. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना घरातली सगळी धूळ दिसू लागली होती आणि त्या ती एकेक करून दाखवत होत्या. बाई आता वकिलांच्या एका भाषांतर कार्यालयात होत्या. टेबलावर कुठल्याशा कराराचा मसुदा पसरलेला होता, आणि ‘तीस दिवसांत उत्तर न आल्यास संमती आहे असे गृहीत धरले जाईल’ या वाक्याखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती.

मी खंड पुढे केला. पान काढून दिलं. बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं.

“‘ही’ दीर्घ ठेवलात.”

“हो. आणि व्युत्पत्तीही तुमचीच.”

त्यांचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. “पाचच आहेत.”

मी चष्मा पुसायला घेतला.

“कार्डावर सहा होते, भाऊ. सहावा: ज्याला विचारायची गरज वाटत नाही असा, विशेषतः घरातला किंवा हाताखालचा माणूस. तो कुठे गेला?”

“तो मीच काढला,” मी म्हटलं. “म्हटलं, कुणाच्या डोळ्यावर आला तर... महर्षींना टोमणा वाटेल. सगळीच नोंद उघडी पडेल.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सभागृहात पाहिलं होतं त्याहून वाईट, कारण या वेळी त्यांना नवल वाटलं नव्हतं.

“म्हणजे पुन्हा तेच,” त्या म्हणाल्या. “लपून खरं करायचं, आणि तेही पाऊण. समितीत तुम्ही बोलाल असं मला वाटलं होतं हो. ती माझी चूक. पण हा शब्द माझ्यासाठी केल्यासारखा आणू नका. अर्धवट नोंद ही चुकीच्या नोंदीपेक्षा वाईट. चुकीची निदान कुणीतरी दुरुस्त करतो.”

“आता काय करू?”

“शुद्धिपत्र कुणाच्या हातात असतं?”

“माझ्या.”

“मग मला काय विचारता?” त्यांनी खंड मिटून माझ्या हातात दिला आणि त्या मसुद्याकडे वळल्या. चहाचं कुणी विचारलं नाही, ते योग्यच होतं.

सोमवारी मी शुद्धिपत्र केलं. शुद्धिपत्र म्हणजे खंडात राहिलेल्या चुका सांगणारी चिठ्ठी. सहावा अर्थ त्यात घातला, खाली लिहिलं की ही संपूर्ण नोंद कोणाची आहे, बाईंचं नाव, आडनावासकट. त्याच्याखाली एक ओळ आणखी: निळे कार्ड संपादकांनी खणातून स्वतः काढले, त्या वेळी खोलीत हजर असलेला मुद्रितशोधक मी. आणि सही. एक प्रत अध्यक्षांना पाठवली, आणि गोदामात उरलेल्या चारशे प्रतींत दोन दिवस बसून स्वतः डिंकानं चिकटवली.

महर्षींनी मला बोलावलं. त्यांच्या हातात खंड होता. त्यांना त्यांचा स्वतःचा कोश उघडून बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. तो त्यांना शोभत नव्हता.

“हे कोणाच्या परवानगीनं?” ते ओरडले. “ही दीर्घ ‘ही’, ही व्युत्पत्ती! मी चिठ्ठी दिली होती!”

“नोंद तुमच्या परवानगीनं छापली. शेवटच्या पानावर सही आहे.”

“मी ते वाचलं नव्हतं!”

“तसं शुद्धिपत्रात घालू का?” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, आणि तसाच परत लावला. मग वर्तमानपत्र उचललं आणि माझ्यासमोर ते उघडून धरलं, जणू मी गेलोच होतो.

अध्यक्षांनी माझं पत्र दप्तरी दाखल करून घेतलं. त्यावर काही झालं नाही. महर्षी अजून महर्षी आहेत. गावोगाव ‘घराचे हित’ सांगतात, बायकांच्या मंडळात तर फारच चालतं ते, आणि श्रोते अजून रुमाल काढतात. त्यांच्या कोशात त्यांच्याच व्याख्यानाला खोटं पाडणारं पान आहे, हे श्रोत्यांपैकी कोणी उघडून बघत नाही. मला मुदतीआधी निवृत्त करण्यात आलं. बाईंना परत बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी त्या आल्या नसत्या.

शुद्धिपत्र चिकटवलेली एक प्रत मी त्यांना पोस्टानं पाठवली. उत्तर आलं नाही. यावं असं मी काही केलंही नव्हतं.